रकाना सातवा

अर्जात सातव्या रकान्यात विचारलंय:
मागची नोकरी का सोडली?
जागा दिलीय दोन बोटं.

भाची म्हणाली, मावशी, लिही, "नव्या संधीच्या शोधात."
सगळे तेच लिहितात.
बावन्नाव्या वर्षी मी, देओलिंदा,
मातोझिन्योशच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
सार्डिनचे डबे भरलेली बाई,
संधीच्या शोधात!
हसू आलं. तरी लिहिलं. अक्षर नीट काढून.

आता समोर हा मुलगा बसलाय,
हॉटेलच्या धुलाईखात्याचा मॅनेजर,
एका गालावर दाढी अजून उगवायची आहे.
कागद वाचतो, मान हलवतो,
आणि विचारतो, "म्हणजे नेमकं काय झालं?"

नेमकं.

पगाराचं भांडण नव्हतं.
मुकादमीण तोंडाची फटकळ, पण पोटात काही ठेवायची नाही.
वासाचं म्हणशील,
तर वास पहिली दोन वर्षं अंगाला येतो,
पुढे अंगच त्याचं होतं.

अल्बर्टिना माझ्या डावीकडे उभी राहायची.
ती मुंडकी कापायची, मी डब्यात लावायचे,
एक उलटी, एक सुलटी.
चेहऱ्याकडे फारसं बघितलंच नाही आम्ही,
हातांकडे बघायचो.
एप्रनच्या खिशावर तिने लाल दोऱ्याने
स्वतःचं नाव घातलं होतं,
धुवायला गेलेला एप्रन परत आपलाच यावा म्हणून.

जुलैत ती गेली. गुरुवारी.
शुक्रवारी अर्धा दिवस सुटी मिळाली,
कंपनीने फुलं पाठवली, भरपूर, ताजी.
कुणाचं काही चुकलं नाही.
सोमवारी डावीकडे नवी पोर आली,
भली पोर, कात्री धरताना हात थरथरायचे,
आणि अंगावर तोच एप्रन.
दोरा कुणीतरी जपून उसवलेला.
पण सुईची भोकं कुठे जातात?
खिडकीकडे वळली की
अख्खं नाव वाचता यायचं.

मी आणखी अकरा दिवस गेले कामाला.
सांगून ठेवते, पळून नाही आले.
बाराव्या दिवशी बोट लागली, भोंगा झाला,
मी घरी कॉफीचा कप धुवत होते.
भोंगा संपला.
कप स्वच्छ होता.
तरी धुवत राहिले.

हे दोन बोटांत कसं बसवायचं?
मासे बसवता येतात.

मुलगा थांबलाय, पेन उघडं धरून.
काचेपलीकडे यंत्रं चादरी घुसळताहेत,
आणि खुंट्यांवर रांगेने निळे गणवेश,
प्रत्येकाच्या छातीवर नावाची पट्टी.
मी विचारते, "ही नावं धुण्यात निघत नाहीत?"
"छे, इस्त्रीने चिकटवतो," तो उत्साहाने सांगतो,
"आणि कुणी सोडून गेलं की ओढून काढायची.
कापडावर काही खूण राहत नाही."

मी जरा वेळ त्या खुंट्यांकडे बघते.
घरभाडं पाच तारखेला.

"नव्या संधी," मी म्हणते.
तो लिहून घेतो
आणि माझं माप विचारतो.