बारानंतरची लाईट

विल्मर आला तेव्हा थंडी होती,
म्हणजे आमची थंडी :
सकाळी कानटोपी, दुपारी त्याच टोपीत घाम.
त्याचं गाव विषुववृत्ताखाली, समुद्राच्या कडेला.
सावद्याच्या पॅकहाऊसमध्ये तो आम्हाला शिकवतो
फणी कशी कापायची, चीक कसा धुवायचा.
चीक तोच. डाग तोच.
शर्ट वाया जायची पद्धतही तीच.

रविवारी त्याला ग्रुपमध्ये घेतलं.
चौदा माणसं, मोटारसायकली पुरल्या नाहीत,
म्हणून निळकंठ फिरकेंची केळी वाहायची पिकअप.
पालच्या पुढे, सुकी ओलांडून, चढ.
पुढे रुबाब तडवी, स्लिपरवर.
शेवटी भंगाळे सर, पुण्याहून मागवलेल्या बुटांत,
आणि सरांच्या तोंडी त्या बुटांची माहिती.
सागाची पानं वाळून पापड झालेली;
आम्ही चाललो की वाटे
अख्खा सातपुडा पंगतीला बसलाय.
रुबाबच्या पायाखाली मात्र आवाज नाही.
विल्मरनं ते पाहिलं, बूट काढले,
दहा पावलं गेला, काटा मोडून घेतला, बूट घातले.
हेमांगी सरोदेच्या पर्समध्ये सुई असते.

"हे जंगल?" त्यानं विचारलं.
त्याच्याकडे झाड कधी उघडं पडत नाही.
रुबाब म्हणाला, "झोपेल आहे ते. जोरात बोलू नका."
मी ते इंग्रजीत सांगितलं, जमेल तेवढं.
दुभाष्याच्या हातून काहीतरी सांडतंच.

माथ्यावरून खाली मैदान,
तापीच्या रेघेपर्यंत केळीच केळी.
सगळे फोटोला उभे राहिले,
तो राहिला नाही.
बऱ्याच वेळानं पश्चिमेकडे हात करून म्हणाला,
"समुद्र कुठाय?"
त्याच्या गावी एवढ्या केळीनंतर समुद्र लागतो.
आहे, म्हटलं. तापी जाते तिकडे.
आम्ही जात नाही.

रात्री फिरकेंच्या शेतात भरीत.
वांगी बामणोदची, जाळ तुरकाठ्यांचा.
बडगीत मिरची ठेचताना मामी म्हणाल्या,
"त्या पोराले तिखट कमी टाका."
कोणी कमी टाकलं नाही.
केळीच्या पानावर वाढायच्या आधी
त्यानं पान उलटं करून पाहिलं,
करप्याचे ठिपके शोधले,
मग सुलटं केलं, मग जेवला.
डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणखी वाढा.

साडेनऊला म्हणाला, आता कुठं जायचं?
त्याच्याकडे रात्र अकराला उघडते,
बिअर, ढोल, खुर्च्या रस्त्यावर.
नाइटलाइफ.
भंगाळे सरांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.
"आहे ना," निळकंठ म्हणाला. "बारानंतर येते."

तोवर पिकअपच्या स्पीकरवर त्याची गाणी.
त्यात कंबर आधी निघते, पाय मागून येतात.
रुबाबला जमलं.
आम्ही टाळ्या वाजवल्या, त्याही चुकल्या.

बारा चाळीसला खांबावरचा बल्ब लागला.
थ्री फेज.
जो तो उठला, कोणी बॅटरी शोधतंय, कोणी चप्पल.
"आली, आली, भो!" शेजारच्या शेतातून,
त्याच्या पलीकडच्याही,
मैलभर माणसं जागी, खोकत, हाका मारत,
स्टार्टरच्या हिरव्या बटणाकडे.
भंगाळे सर त्या बुटांनी चिखलात.
गाणं तसंच वाजत राहिलं रिकाम्या शेकोटीला.

माझ्या नावावर शेत नाही.
मी आणि विल्मर उरलो.
त्यानं मुलीला फोन लावला;
तिकडे अजून रविवारच होता, दुपारचे दोन.
बॅटरीच्या उजेडात तिला एक कमळ दाखवलं,
जांभळं, जड, खाली वाकलेलं.
ती काहीतरी बोलली, तो हसला.
काय म्हणते?
"म्हणते, रात्री कोण बघतं केळी?"

मग फोन खिशात टाकून तो वाकला,
ड्रीपच्या नळीखाली तळवा धरून थांबला
ओळीओळीनं, बराच वेळ.
"तिसऱ्या ओळीत," तो म्हणाला,
"दोन ड्रिपर बंद आहेत. फिरकेंना सांग."