धूळभेट

लोक टपालाने धूळ पाठवतात आम्हाला.
व्हॅक्यूमची पिशवी, सोबत एक फॉर्म:
घर कोणत्या साली बांधलं, कुत्रं आहे का,
मूल रांगतं का.

मी चाळणी घेऊन बसते.
वरच्या जाळीवर अडकतं ते घर:
चमकी, मांजराचे केस, लेगोचा पिवळा तुकडा,
एकदा एक दुधाचा दात.
ते सगळं बादलीत जातं.
खाली पडतं ते आमचं.
पिठीसारखं, करडं, निमूट.
त्यातलं शिसं, जस्त, आर्सेनिक
यंत्र मिनिटभरात सांगतं.

मंगळवारी मॅरिकव्हिलहून आलेली पिशवी
सुतळीने बांधली होती, दोनदा गाठ मारून.
आत चिठ्ठी:
"काम झालं की उरलेली धूळ परत पाठवा.
लेफ्तेरीस फेब्रुवारीत गेला.
तेव्हापासून पलंगाखाली मी झाडलं नव्हतं.
आता नातू रांगतो, मुलगी ऐकेना.
एव्डोकिया."

जाळीवर पांढरे केस. आखूड, ताठ.
नखाची एक कोर.
आणि रंगाचे पापुद्रे,
वर पिस्ता, मग साय, मग अगदी तळाचा पांढरा,
त्या घरात हे दोघं यायच्या आधीचा.
चिठ्ठीच्या पाठीवर:
"खिडक्या दर ईस्टरच्या आधी तोच घासायचा.
मला शिडी धरू द्यायचा, बस."

आकडा आला.
मी यंत्र पुसून पुन्हा लावलं.
तोच आला.

नेरिडा म्हणाली, नमुना परत करता येत नाही.
मग चहा करायला गेली
आणि बराच वेळ आलीच नाही.

चिमट्याने एकेक केस उचलला.
तीनदा धुतले. सतरा भरले.
कुपीला बूच लावलं, बुचावर मेण.

अहवालात लिहिलं:
बाळाला त्या खोलीत ठेवू नका.
झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.
रक्त तपासा, आधी बाळाचं, मग तुमचं.
शिडी धरणाऱ्याच्या डोक्यावर काय काय पडतं,
त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही.

संध्याकाळी घरी आले. दाराबाहेर बूट काढले.
खिडकी वर सारली,
ती रोजच्यासारखी चौकटीला घासत वर गेली.
अकरा वर्षं हा आवाज ऐकतेय.
आज पहिल्यांदा
खाली, कठड्यावर पाहिलं.