दुसऱ्यांदा

*करेलिया, जून १९४४*

पहिल्या वेळी आईनं कुलूप लावलं होतं.
किल्ली दोन वर्षं गळ्यात.
परतलो तेव्हा धुराडं तेवढं उभं,
किल्लीला दारच नव्हतं.

या वेळी तिनं नव्या घराची जमीन घासली,
ओल्या फळ्यांवर पाऊल उमटू नये म्हणून
मागे मागे सरकत बाहेर आली
आणि दार नुसतं लोटलं.
"फोडतील कशाला? चांगलं लाकूड आहे."

माझ्या वाट्याला हेलुना, आमची गाय.
सोर्तावालाच्या रस्त्यावर तिची कास दगड झाली,
भांडी कुठल्या कुठे पुढच्या गाडीत.
चराच्या कडेला बसून मी धार मातीत सोडली.
सोळा वर्षांची होते.
रडले ते दुधासाठीच, असं तेव्हा वाटलं.

सैनिक उलट्या दिशेनं चालले होते.
एकानं आपलं पाणी ओतून बाटली पुढे धरली.
विल्हो. शाळेत माझ्या मागच्या बाकावरचा.
अरुंद तोंडाची बाटली,
निम्मं दूध त्याच्या मनगटावरून ओघळलं.
तो हात हलवेना.
मीही घाई केली नाही.

परक्या गावात कारकुनानं विचारलं,
काय काय आणलंत?
"एक मुलगी, एक गाय," आई म्हणाली,
आणि गळ्यातली दोरी चाचपत राहिली.

त्यानं गाय आधी लिहिली.