भरपाईचा टीव्ही

घणसोलीत आमच्या आळीतला पहिला टीव्ही
मिठागराच्या भरपाईतून आला.
जोमाकाकांनी ओटीवर मांडला,
वर चांगुणाकाकूनं विणलेला रुमाल.

रविवारी सिनेमा.
नायकानं जमिनीची नोटीस टराटरा फाडली,
साहेबाच्या तोंडावर भिरकावली.
अख्खी आळी शिट्ट्या मारत उठली,
मीसुद्धा, सात वर्षांचा, खाटेवर चढून.

काका तेवढे बसून.
मग म्हणाले, चित्र हलतंय.
हलत नव्हतं.

कौलांवर चढून
अँटेना फिरवत राहिले खाडीकडे,
जिथं आता सिडकोचे खुंट.

"दिसतंय का रं?"
"दिसतंय!" आम्ही, मान न वळवता.
"आता?"
"दिसतंय!"

समाप्तची पाटी येऊन गेली,
बातम्या लागल्या,
काका उतरले नाहीत.