कडा कोण तपासायचं

जेल रोडला, पिठाच्या गिरणीला लागून
दादानं दोन टीव्ही मांडले, पाटी लावली:
तासाला पाच रुपये. अर्ध्या तासाला तीन.
मी सातवीत. माझ्या ताब्यात गजराचं घड्याळ,
शंभर पानी वही
आणि फुंकर.

चित्र थरथरलं, पडदा राखाडी झाला
की कुलथेंचा मन्या ओरडायचा, "वैजू, फुंक!"
मी कॅसेट उपसायची, ओठांशी धरायची,
भाजल्या बोटावर घालतात तशी एक लांब,
आणि ठिपक्यांचा माणूस पुन्हा पळत सुटायचा
उजवीकडे. कायम उजवीकडेच.
डावीकडे काय होतं ते कुणी विचारलं नाही.

अस्सल यंत्र जपानात, लाल-पांढरं,
क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीचं.
आमचं त्याची नक्कल. डब्यावर भलतंच नाव,
कॅसेटवर छापलेलं: ९९९९ खेळ.
एका रिकाम्या दुपारी मी मोजले.
नऊ भरले. बाकी तेच, आभाळाचा रंग बदललेले.

आण्णा नोटांच्या प्रेसात.
दिवसभर खरं मोजायचं,
गेटवर झडती देऊन रिकाम्या हातानं घरी यायचं.
एकदा दुकानात आले, कॅसेट उचलली,
ट्यूबलाइटसमोर धरली
जणू आत वॉटरमार्क दिसेल.
"नकली," म्हणाले, आणि चहा मागितला.

दुकान दीड वर्ष टिकलं.
दादा अंबडच्या कारखान्यात लागला, टीव्ही एक मामांकडे,
एक भंगारात.
मला पुष्कळ उशिरा कळलं
की कंपनीनंच बजावलं होतं, फुंकू नका,
श्वासाच्या ओलीनं पट्ट्या गंजतात.
म्हणजे जे मी जिवंत करत होते
ते मीच.

परवा आण्णांना सांगितलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर,
हिरवी पट्टी डोळ्यावर असताना:
ती कंपनी आधी पत्ते बनवायची. अठराशे एकोणनव्वद साल.
तुतीच्या सालीचा कागद, थरावर थर,
वर फुलं. बारा महिन्यांची बारा.
मध्येच टॅक्सी चालवून पाहिल्या,
झटपट भात विकून पाहिला, तो काही खपला नाही.
मग कुठे हे खेळ.

आण्णा बराच वेळ गप्प. मला वाटलं झोपले.
"कडा कोण तपासायचं?"
"कशाच्या?"
"पत्त्यांच्या. केसभर कड चुकली
तर पाठीवरूनच ओळखतो माणूस. डाव गेला.
कुणीतरी बसत असणार खिडकीशी, एकेक बघत.
त्याचं नाव लिहिलंय का कुठं?"

नव्हतं. निदान मला सापडलं नाही.

मग कपाटातून ती कॅसेट काढून हातात दिली.
पट्ट्यांवर हिरवट डाग, माझे.
त्यांनी न बघता अंगठा फिरवला
चारी बाजूंनी, सावकाश, शिफ्टमध्ये फिरवत तसा.

"नकली आहे," म्हणाले,
"पण कापणी सरळ आहे."