मुळापासून तीन सेंटिमीटर

दहा प्रश्न, प्रत्येकाला पाच उत्तरं:
कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, बऱ्याचदा, सतत.
नंदुरबारबाहेर मिरचीच्या पथारीवर उकिडवी बसून
मी वाचून दाखवते आणि शिंकते.
"गेल्या महिन्यात किती वेळा वाटलं
की सगळं हाताबाहेर चाललंय?"
झुंबरबाई मालचे देठ खुडता खुडता
दोन्ही पंजे पुढे करते.
"हात ते आठेच शेतस."
नखांच्या कडा लाल.
मी खूण करते: कधीच नाही.

चार प्रश्न उलटे आहेत.
किती वेळा वाटलं, सगळं मनासारखं होतंय?
तिथेही कधीच नाही,
पण तिथे त्याचे चार-चार गुण.
बेरीज सोळा. मध्यम ताण.
चाचणी म्हणून मी स्वतः भरलेल्या फॉर्मवर तेवीस होते,
ते तिला सांगितलं नाही.

मग लाळ. कापसाची कांडी दोन मिनिटं जिभेखाली,
पहिली झोपेतून उठल्या उठल्या.
"कोनतं उठनं?"
दोनला नळ येतो तेव्हाचं,
सासऱ्याची कूस बदलायची ते,
की पाचचं, ट्रॅक्टर हॉर्न देतो ते?
फॉर्मवर चौकट एकच.
मी पाच लिहिले. मग खोडले.

शेवटी केस. डोक्याच्या मागून, चिमूटभर,
कात्री अगदी कातडीला लावून.
शेजारच्या बाया खुडायच्या थांबल्या.
मी समजावलं: केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो,
जीवाने जे सोसलं ते त्यात राहतं,
यंत्राला ते वाचता येतं.
"केस सांगस, ते मले काबर पुसस?"
सगळ्या हसल्या. मीही.

तिने वेणी पुढे ओढून घेतली,
मुळापासून बोटं लावत खाली आली,
दिवाळी, पोळा, ओठांतल्या ओठांत,
आणि एका जागी अंगठा दाबून थांबली.
"आखाजी. आठून काप."
तिथे काय आहे, मी विचारलं नाही.
फॉर्ममध्ये तसा प्रश्न नाही.
म्हटलं, आम्ही मुळाजवळचे तीनच घेतो.
त्याखालचं पाण्याने, तेलाने, उन्हाने
धुऊन जातं, भरवशाचं राहत नाही.
"धुवाई जास?"
अंगठा तसाच होता.
"कोनी सांगं तुले?"

लाळेच्या नळ्या बर्फात ठेवल्या.
केसाला बर्फ लागत नाही.
चांदीच्या कागदात गुंडाळून वर बाण काढला,
मूळ कुठलं ते कळावं म्हणून.

रेल्वे फाटक बंद होतं.
सुरतेकडची मालगाडी, डबे मोजायचा कंटाळा यावा इतकी.
मी हेल्मेट काढलं, मानेवर हात नेला,
मुळापासून बोटं लावत खाली आले.
दिवाळीत बॉयकट केलाय.
दोन बोटांत संपले केस,
आखाजीपर्यंत पोचलेच नाहीत.
फाटक उघडलं, मागचा टेम्पो ओरडला,
आणि पथारी दोन किलोमीटर मागे राहिली तरी
एक शिंक आली, डोळ्यांत पाणी आणणारी.