दुधाच्या हिशेबाशेजारी

गेल्या वर्षाचं कॅलेंडर फळीवर अंथरलंय,
वर सोलांची बरणी, तिरफळं, मिठाचा डबा.
बरणी उचलली की खाली सप्टेंबर.
अर्धा लिटर, अर्धा लिटर, खाडा,
आणि त्याच चौकोनात माझं बारीक अक्षर:
‘लांबला. हिरोचे शर्ट चांगले.’

गणपती पोचवून आल्यावर सुरू झालं हे.
सड्यावरच्या मोबाइल दुकानातला रुझार
पेन ड्राइव्हवर भरून द्यायचा, दहा रुपयाला एक,
आवडला नाही तरी पैसे परत नाहीत.

बघणार आम्ही दोघं, मी आणि सासरे.
त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही,
डाव्याने येतं, हवं तेवढंच.
चाळीस वर्षं देवगडात तांडेल होते,
त्यामुळे गोष्ट कुणाचीही असो
ते मागचं पाणी बघतात.

नायिका होडीत गात होती, पदर डावीकडे.
“शीड उजवीकडे फुगलाहा.
एका होडीर दोन वारे खंयसून इले?”
मी लिहिलं: ‘गाणं बरं. वारा खोटा.’

मग भुताचा. उशी पोटाशी धरून बसले,
भूत यायला आणि लाइट जायला एकच वेळ.
उरलेला सकाळी पाहिला, भाकऱ्या थापता थापता.
‘उजेडात भूत बिचारं दिसतं. दात पिवळे.’

कोर्टाचा एक. सगळे दोन तास भांडले,
खुनी निघाला वकीलच.
मला पंधराव्या मिनिटाला कळलं होतं,
समोरचा चहा तो पीतच नव्हता.

‘ती त्याच्याकडे परत आली. मी आले नसते.’
(हे दिवाळीच्या चौकोनात, पणतीच्या तेलाचा डाग.)

बर्फाचा एक होता, कुठल्या देशाचा देव जाणे.
माणसं गप्प, झाडं गप्प, एक म्हातारा दार उघडतो
आणि बराच वेळ लावत नाही.
मला आवडला, का ते सांगता येणार नाही.
सासरे शेवटपर्यंत बसले, मग म्हणाले,
“इतको बर्फ, आनी मासळी खंय?”

डिसेंबरात जुगल्यांकडची सगळी आली बघायला.
आईचा पिक्चर होता. मुलगा बोटीवर गेलेला,
आई वीस वर्षं किनाऱ्यावर उभी, तोंड दर्याकडे,
केस पांढरे होतात, साडी तीच.
जुगलीण रडली, मी रडले,
तिच्या धाकटीने रडता रडता चिवडा सांडला.
सासरे मध्येच उठले, चूळ भरून आले.
“वाट बघणारा माणूस
दर्याकडे तोंड करून बसणा नाय गो.
ता तांदूळ निवडता.”

त्या दिवशीच्या चौकोनात नुसतं ‘अर्धा लिटर’.
ह्यांचं जहाज तेव्हा एडनच्या पुढे कुठेतरी,
नऊ दिवस फोन नव्हता.
स्वयंपाकघरात मी बसते ती जागा आठवली,
मांडीवर सूप, खिडकी पाठीशी.
पाहुणे म्हणतात, तिथून अख्खं बंदर दिसतं.

नवीन कॅलेंडर भिंतीवर आहे, चौकोन लहान,
त्यामुळे आता मतंही लहान:
‘ठीक.’ ‘नको.’ ‘मारामारी फार.’ ‘झोपले.’
एकदा नुसतं ‘कुत्रा!’,
कुठला कुत्रा ते आठवत नाही, पण उद्गारचिन्ह माझंच.

शिमग्याच्या आधी रुझारने दिलेला अर्ध्यात अडकला.
माणूस धक्क्यावर उतरलाय, हातात पत्र्याची पेटी,
एक पाय फळीवर, एक पाय हवेत,
आणि तसाच.
रिमोट आपटला, पेन ड्राइव्ह फुंकला, काही नाही.
“मगे काय,” सासरे म्हणाले, “घराक गेलो.”
“कसो?”
“चलान.”

लिहिलं: ‘शेवट दिसला नाही. ऐकला. चालेल.’
खाली, दूधवाल्यासाठी: ‘सोमवारपासून एक लिटर.’

रुझारने पैसे परत दिले नाहीत.